अपघाताचा दावा रखडलाय? आधी तो नेमका कुठे अडलाय ते शोधा

रस्ता अपघातात जखमी झालेल्या माणसाचा भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या एमएसीटीत, तीन-चार वर्षं चालला तर कुणाला नवल वाटत नाही. पण ‘कोर्टाचं काम असंच असतं’ म्हणून गप्प बसणं महागात पडतं. दावा बहुतेक वेळा एका ठरावीक गोष्टीवाचून अडलेला असतो: न बजावलेली नोटीस, न दाखल झालेली कैफियत (समोरच्या बाजूचं लेखी उत्तर), साक्षीला न आलेले डॉक्टर. ती गोष्ट सापडली की पुढचं बरंच काही तुमच्या हातात येतं. सापडली नाही तर वकिलांना फोन, ‘पुढची तारीख पडली’ हे उत्तर, पुन्हा फोन, अशी वर्षं जातात.

सुरुवात रोजनाम्यापासून

वकिलांकडून दोन गोष्टी घ्या: दाव्याचा क्रमांक (एमएसीपी अमुक, सन अमुक) आणि सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक. महाराष्ट्रातल्या दाव्याचा सीएनआर ‘एमएच’ने सुरू होतो, पुढे जिल्ह्याची अक्षरं येतात आणि शेवटचे चार अंक दाव्याचं वर्ष सांगतात. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस या मोफत अॅपमध्ये तो टाकला की पुढची तारीख आणि दाव्याचा टप्पा दिसतो. बहुतेक लोक एवढंच पाहून अॅप बंद करतात. खाली मागच्या तारखांची यादी असते. त्यातल्या प्रत्येक तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशी काय झालं याची एक-दोन ओळींची नोंद, म्हणजे रोजनामा, उघडते. खरी माहिती तिथे आहे.

मागच्या आठ-दहा तारखांच्या नोंदी वहीत एकाखाली एक लिहून काढा. त्यातला सामनेवाला म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो; इथे क्र. 1 गाडीचा मालक आणि क्र. 2 विमा कंपनी धरू. ‘सामनेवाला क्र. 1 ची नोटीस बजावणी न होता परत’, पुढच्या तारखेला ‘अर्जदारातर्फे मुदत अर्ज’, त्यानंतर ‘पावले उचलण्यासाठी’, मग पुन्हा ‘पावले उचलण्यासाठी’, असं दिसलं तर विमा कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. काम तुमच्या बाजूने अडलंय: नवा पत्ता द्यायचा आहे आणि तो कुणी दिलेला नाही. उलट ‘सामनेवाला क्र. 2 तर्फे कैफियतीसाठी मुदत’ ही ओळ चार वेळा आली असेल, तर कंपनीची कैफियत बंद करून पुढे जाण्याचा अर्ज देण्याची वेळ झाली आहे. नोंद त्रोटक असेल किंवा अॅपवर नसेल तर नक्कल विभागात अर्ज करून रोजनाम्याची प्रमाणित नक्कल घ्या.

ही वही घेऊन वकिलांना भेटलात तर बोलणंच बदलतं. ‘काय झालं आमच्या केसचं?’ या प्रश्नाला ‘चालू आहे’ एवढंच उत्तर मिळतं. ‘मालकाचा नवा पत्ता दिला का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

कधी थांबण्यातच फायदा असतो

प्रत्येक संथपणा वाईट नसतो. जखमीच्या दाव्यात भरपाईचा सर्वांत मोठा भाग कायमच्या अपंगत्वावर ठरतो, आणि अपंगत्व कायमचं किती हे उपचार पूर्ण झाल्यावरच सांगता येतं. पायात रॉड आहे, सांधा जुळायचा आहे, दुसरी शस्त्रक्रिया सांगितली आहे, अशा अवस्थेत प्रमाणपत्र घेतलं तर आकडा कच्चा राहतो आणि उलटतपासणीत डॉक्टरांना पहिला प्रश्न तोच येतो. एका अपघाताची भरपाई एकदाच मिळते. घाईने तडजोड केली आणि वर्षभराने गुडघा बदलावा लागला, तर तो खर्च पुन्हा मागता येत नाही.

उशिराची थोडी भरपाई कायद्यातच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 171 खाली न्यायाधिकरण दावा दाखल केल्याच्या तारखेपासून व्याज देऊ शकतं. 12 लाखांच्या निवाड्यावर साडेसात टक्के सरळ व्याज धरलं तर तीन वर्षांचे 2 लाख 70 हजार होतात. मात्र उशीर अर्जदारामुळे झाला असेल तर तेवढ्या काळाचं व्याज न्यायाधिकरण नाकारू शकतं. म्हणूनही रोजनाम्यात मुदत अर्ज कुणाच्या नावावर पडतायत याकडे लक्ष हवं.

उपचार चालू असणं हे दावा दाखल न करण्याचं कारण मात्र होऊ शकत नाही. दावा लगेच दाखल करायचा आणि अपंगत्वाचा पुरावा त्याच्या टप्प्यावर आणायचा, हा क्रम बरोबर.

अजून दाखलच झाला नसेल तर

1 एप्रिल 2022 पासून दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं असून, केवळ उशिराच्या कारणावरून असे दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला. अंतरिम आदेशाच्या भरवशावर राहू नका, सहा महिन्यांतच दाखल करा.

‘दोषारोपपत्र आल्यावर बघू’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे. फौजदारी खटल्याचा निकाल लागेपर्यंत दावा थांबत नाही. चालक तिथे निर्दोष सुटला तरी दावा आपोआप पडत नाही, कारण दाव्यात पुराव्याची कसोटी सौम्य असते. दाखल करायला प्रथम खबर, घटनास्थळ पंचनामा, जखमी झाल्याचा वैद्यकीय दाखला, वाहनाचं नोंदणी प्रमाणपत्र, चालकाचा परवाना आणि विमा पॉलिसीचा तपशील एवढं पुरतं. पॉलिसीची प्रत मिळत नसेल तर वाहन क्रमांकावरून एमपरिवहन अॅपवर विमा कंपनी आणि मुदत तपासता येते. अपघाताच्या तारखेला पॉलिसी चालू होती का, हे पाहायचं असतं; आज चालू असून उपयोग नाही.

2022 च्या नियमांनी पोलिसांनाही मुदती घातल्या आहेत. प्राथमिक अपघात अहवाल 48 तासांत, अंतरिम अहवाल 50 दिवसांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे जायला हवा. सविस्तर अहवालालाच दाव्याचा अर्ज मानता येतं. प्रत्यक्षात अनेक ठाण्यांत हे अहवाल उशिरा जातात. तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, त्यावर पोच घ्या आणि तीच प्रत पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात आवक करा. तोंडी पाठपुराव्याचा पुढे काही पुरावा उरत नाही.

दावा कुठे दाखल करायचा हेही वेगाशी जोडलेलं आहे. अपघात साताऱ्याजवळ झाला आणि तुम्ही नाशिकला राहता, तर नाशिकच्या न्यायाधिकरणातही दावा चालतो. प्लास्टर घातलेला पाय घेऊन दर तारखेला दोनशे-तीनशे किलोमीटर जायची गरज नाही.

अडीच लाखांचा देकार

कलम 164 खाली चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला 5 लाख मिळतात. कंपनीच्या अधिकाऱ्याकडून हा देकार आला की हातात पैसे येतात म्हणून लोक सही करतात. ती रक्कम स्वीकारली की कलम 166 खालचा, म्हणजे चूक दाखवून पूर्ण भरपाई मागणारा नेहमीचा दावा संपतो. हा पहिला हप्ता नसून पूर्ण आणि शेवटची रक्कम आहे. साध्या फ्रॅक्चरला ती पुरेशी असेलही; काम सुटलं असेल, सांधा कायमचा आखडला असेल, तर आधी पुढे पुराव्याच्या भागात दिलेलं गणित मांडा आणि मगच ठरवा.

नोटीस बजावत नाही

सुरुवातीचं वर्ष बहुधा इथेच जातं. चालकाने खोली बदललेली असते. मालकाने गाडी विकलेली असते पण नाव बदललेलं नसतं. दुसऱ्या प्रकारात घाबरायचं कारण नाही. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच भरपाईसाठी मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीनकुमारच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. ‘मी गाडी विकली होती’ म्हणून त्याला सुटता येत नाही.

नोटीस परत आली की आधी बजावणी अहवालावर शेरा काय आहे ते वाचा. ‘घर बंद’, ‘पत्ता अपूर्ण’, ‘घेण्यास नकार’ आणि ‘गाव सोडून गेला’ या चारही शेऱ्यांवरचे उपाय वेगळे आहेत. घर बंद असेल तर दारावर चिकटवण्याची परवानगी मागता येते. नकार दिला असेल तर बजावणी झाली असं धरायची विनंती करता येते. पत्ता अपूर्ण असेल तर नोंदणी प्रमाणपत्र, परवाना आणि फौजदारी खटल्यातला जामिनाचा कागद हे तिन्ही पत्ते ताडून पाहा. जामीन देताना घेतलेला पत्ता बहुधा सर्वांत ताजा असतो. काहीच सापडलं नाही तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देण्याचा अर्ज करायचा. बजावणीचा खर्च वेळेवर भरला नाही म्हणून महिनोन्‌महिने नोटीसच निघत नाही, हाही नेहमीचा प्रकार आहे. रक्कम शंभर-दोनशेची असते, पण ती कुणी भरायची हे कुणी सांगितलेलं नसतं.

चालक किंवा मालक हजर होत नसेल तर त्याच्याविरुद्ध एकतर्फी आदेश मागता येतो. विमा कंपनी हजर असेल तर दावा पुढे सरकतो.

पुरावा: खरा वेळखाऊ टप्पा

जखमीच्या दाव्यात तुमची स्वतःची साक्ष प्रतिज्ञापत्रावर होते आणि उलटतपासणी एखाद्या तारखेत आटोपते. अडतात ते डॉक्टर. अपंगत्वाचं प्रमाणपत्र नुसतं दाखल करून भागत नाही. ते देणाऱ्या किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष व्हावी लागते, नाहीतर कंपनी ते नाकारते आणि न्यायाधिकरणही त्याला फारसं वजन देत नाही. डॉक्टरांना दिवसभर बाकावर बसायला वेळ नसतो, म्हणून समन्स जातं आणि डॉक्टर येत नाहीत.

यावर उपाय आहेत. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेच सुचवलं आहे की डॉक्टरांसाठी ठरावीक दिवस आणि वेळ द्यावी, किंवा कोर्ट कमिशनर नेमून साक्ष नोंदवावी. म्हणून नुसतं समन्स पुन्हा काढण्याऐवजी कमिशनर नेमण्याचा किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर साक्ष घेण्याचा अर्ज द्यायला सांगा. साक्षीच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना जुने एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि प्रमाणपत्राची प्रत पोचवा. तीन वर्षांपूर्वीचा पेशंट त्यांना आठवत नसतो, आणि ‘रेकॉर्ड पाहून सांगतो’ म्हणून मिळालेली तारीख वाया जाते.

प्रमाणपत्र घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा: टक्केवारी अवयवाची आहे की पूर्ण शरीराची. उजव्या पायाचं 40 टक्के म्हणजे शरीराचं 40 टक्के नव्हे. त्याहीपेक्षा महत्त्वाची तिसरी टक्केवारी आहे, कमाईची क्षमता किती गेली याची, आणि भरपाई तिच्यावर मोजली जाते. राजकुमार निकालातलंच उदाहरण घ्या: डावा हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार जवळजवळ शंभर टक्के कमाई गमावतो, कारकुनाचं तसं होत नाही. गुडघा 60 अंशांपुढे वाकत नसलेल्या गवंड्याला उकिडवं बसून फरशी बसवता येत नाही, परांचीवर चढता येत नाही. हे प्रतिज्ञापत्रात कामासकट लिहा आणि डॉक्टरांना साक्षीत नेमकं हेच विचारायला सांगा. ‘जड काम करता येत नाही’ या एका वाक्यावर टक्केवारी वाढत नाही.

गणित असं. वय 34, स्वतःचा व्यवसाय, महिना कमाई 18,000 आणि कमाईच्या क्षमतेतली घट 30 टक्के धरू. प्रणय सेठी निकालानुसार (2017) चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीपोटी 40 टक्के मिळवतात. कायम नोकरदाराला याच वयात 50 टक्के. म्हणजे महिना 25,200, वर्षाला 3,02,400. त्याचे 30 टक्के 90,720. सरला वर्मा निकालातल्या (2009) तक्त्याप्रमाणे 31 ते 35 वयाला गुणक (वर्षाच्या तोट्याला ज्याने गुणायचं तो वयावर ठरलेला आकडा) 16, म्हणून 14,51,520 रुपये. जखमी स्वतः हयात असल्यामुळे मृत्यूच्या दाव्यासारखी स्वखर्चाची कपात इथे होत नाही. याच्यावर औषधोपचार, काम बुडालेले महिने, सोबतच्या माणसाचा खर्च, प्रवास, वेदना आणि पुढचे उपचार वेगळे.

या गणितात सर्वांत जास्त हलणारा आकडा उत्पन्नाचा. नोकरदाराने पगारपत्रकं द्यायची आणि आस्थापनेचा माणूस साक्षीला आणायचा. बाकीच्यांनी तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, शॉप अॅक्टचा दाखला, बँकेचं खातं, शेतकऱ्याने सातबाऱ्याबरोबर साखर कारखान्याची ऊस बिलं आणि डेअरीच्या पावत्या जोडायच्या. अपघातानंतर भरलेलं विवरणपत्र संशयाने पाहिलं जातं. काहीच नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपासचा आकडा धरतं आणि निम्मी भरपाई तिथेच जाते.

मेडिक्लेममधून बिलं भागली असतील तर मूळ बिलं त्या कंपनीकडे अडकतात आणि दाव्यात ‘मूळ बिलं कुठे?’ म्हणून खोळंबा होतो. त्या कंपनीकडून शिक्का मारलेल्या प्रती आणि मंजुरीचं पत्र आत्ताच मागवून ठेवा. मेडिक्लेमची रक्कम अपघात भरपाईतून वजा करायची नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा मार्च 2025 चा निर्णय आहे.

विमा कंपनीच्या बाजूने या टप्प्यावर वेळ जातो तो परवान्याच्या वादात. परवाना बनावट किंवा चुकीच्या वर्गाचा असल्याचं सिद्ध करायला कंपनी आरटीओतल्या कर्मचाऱ्याला समन्स काढते आणि तो येत नाही. दोन-तीन तारखा गेल्या की ‘कंपनीचा पुरावा बंद करावा’ असा अर्ज द्या. वाद कंपनीच्या बाजूने लागला तरी अनेकदा कंपनीने जखमीला आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश होतो.

वकिलांशी व्यवहार

वकील बदलणं हा तुमचा हक्क आहे, पण पुराव्याच्या मध्यावर बदललं तर नव्या माणसाला फाईल वाचायला महिने लागतात. आधी लेखी विचारणा करा, उत्तर आलं नाही तर बदला. जुन्या वकिलांची ना हरकत घ्यायची असते. फी बाकी आहे म्हणून फाईल अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच सांगितलं आहे. निकालाच्या रकमेवर टक्केवारी ठरवणंही बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, कितीही सर्रास चालत असलं तरी. कोऱ्या धनादेशावर किंवा पैसे काढण्याच्या कोऱ्या स्लिपवर सही मागितली तर उठून या.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख आहे.

एक धोका कायम लक्षात ठेवा. लागोपाठ तारखांना अर्जदारातर्फे कुणीच हजर नसेल तर दावा गैरहजेरीत निकाली निघतो. अॅपवर ‘डिस्पोज्ड’ दिसलं तर त्याच आठवड्यात तो पुन्हा फाईलवर घेण्याचा अर्ज द्यायला लावा. 30 दिवस उलटले तर सोबत उशीर माफीचा अर्ज लागतो.

जोर लावायच्या जागा

पहिली जागा त्याच न्यायाधिकरणात: लवकर सुनावणीचा अर्ज. ‘दावा जुना आहे’ एवढं कारण पुरत नाही. वय, चालू उपचार, थांबलेली कमाई, पुढच्या शस्त्रक्रियेचं अंदाजपत्रक असं काही जोडा.

दुसरी लोकअदालत. राष्ट्रीय लोकअदालत साधारण वर्षातून चारदा भरते आणि अपघात दावे तिथे भरपूर मिटतात. कंपनीचा अधिकारी तयारीने येतो, तुम्हीही वरचं गणित कागदावर घेऊन जा. वाद फक्त रकमेचा असेल आणि डॉक्टरांची साक्ष झालेली असेल तेव्हा लोकअदालत सर्वांत उपयोगी. साक्षीआधी गेलात तर कंपनी अपंगत्व शून्य धरूनच बोलते. तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

तिसरी, सगळं करूनही पान हलत नसेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका: दावा अमुक महिन्यांत निकाली काढावा असा आदेश मागता येतो. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्याने त्या भागातल्या लोकांना मुंबई गाठावी लागत नाही.

विमा लोकपालाकडे मात्र वेळ घालवू नका. समोरच्या गाडीच्या कंपनीविरुद्धचा दावा त्यांच्या कक्षेत येत नाही. तुमच्या स्वतःच्या पॉलिसीतल्या मालक-चालक अपघात विम्याचे (विमा रक्कम 15 लाख) पैसे अडले असतील तर तिथे तक्रार चालते. हा विमा अनेकांना आपल्याकडे आहे हेच माहीत नसतं. पॉलिसीच्या हप्त्याच्या तक्त्यात पीए (पर्सनल अॅक्सिडेंट) ही ओळ शोधा.

धडक देणारी गाडी सापडलीच नसेल तर वरचं काहीच लागू नाही. त्यासाठी 2022 ची हिट अँड रन भरपाई योजना आहे: गंभीर दुखापतीला 50 हजार, मृत्यूला 2 लाख. अर्ज महसूल खात्याकडे करायचा आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात.

निवाडा झाला, पैसे नाहीत

निवाड्यानंतर कंपनीला 30 दिवसांत रक्कम भरायची असते. भरली नाही तर दोन वाटा. न्यायाधिकरणात दरखास्त (निवाडा अमलात आणण्याचा अर्ज) दाखल करायची, किंवा कलम 174 खाली वसुली दाखला मागायचा. त्यावर जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करतात. कंपनी अपील करणार असेल तर मुदत 90 दिवसांची आहे. नुसतं अपील दाखल केल्याने वसुली थांबत नाही, स्थगिती घ्यावी लागते. ती देताना न्यायालय बहुधा रक्कम जमा करायला लावतं. जमा रकमेतला काही भाग अपील चालू असतानाच काढण्याचा अर्ज तुम्हाला करता येतो, पण त्यासाठी उच्च न्यायालयात तुमचा वकील हजर असायला हवा. खालच्या कोर्टातलं वकीलपत्र तिथे चालत नाही.

रक्कम जमा झाल्यावरही ती पडून राहते, कारण अर्जदाराचा पत्ता बदललेला असतो किंवा बँकेचा तपशील फाईलमध्ये नसतो. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कारणासाठी अर्जातच बँक खातं, आधार आणि पॅन घेण्याचे निर्देश दिले. तुमचा दावा त्याआधीचा असेल तर आजच पुरसिस (न्यायाधिकरणाला माहिती कळवणारा लेखी कागद) देऊन खाते क्रमांक, आयएफएससी, रद्द केलेला धनादेश, पॅन आणि चालू मोबाईल क्रमांक दाखल करून ठेवा. नावाचं स्पेलिंग निवाड्यात, आधारवर आणि बँकेत एकच आहे ना, तेही त्याच दिवशी पाहा. एका अक्षराच्या फरकावरून रक्कम परत येते आणि दुरुस्तीच्या अर्जाला पुन्हा तारखा पडतात.